मांडी घालून केलेली प्रार्थना

कप्तानाने माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "नमस्कार करा रे! आपल्या देवळात नवी मूर्ती बसली आहे."

अख्खं देऊळ हसलं. आमचं किरिस्तावांचं देऊळ; पेशव्यांच्या पुण्यात, तोफखान्याच्या लोकांसाठी बांधलेलं, मातीच्या भिंतींचं. गोऱ्या फिरंगी कप्तानाला पुढे खुर्ची. आम्हा तोफा डागणाऱ्या गोलंदाजांना सारवलेली जमीन. झालं असं, पाद्रीबाबाने पवित्र भाकर वर उचलली, घंटी वाजली, सगळे गुडघ्यांवर आले. मी मात्र डोळे मिटून, मांडी घालून बसलेलाच. अर्धे कान तोफांनी नेलेले. उरलेले अर्धे श्वासाकडे लागलेले.

आणि डोळे उघडल्यावर मी काय केलं? मीही हसलो. शिवाय डोक्यावरचं फूल पडू नये म्हणून मान ताठ धरली. असा मी हुशार.

श्वासाकडे बघायला मला सिंहलद्वीपाहून आलेल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. तिकडे तो बुद्धाचा भिक्षू होता. फिरंग्यांनी जहाजावर धरून आणला. आता इथे तोफा ओढणारे बैल सांभाळतो. एका लढाईनंतर माझे हात असे कापायचे की जपमाळेचा मणी बोटांत ठरेना. म्हातारा म्हणाला, "माळ ठेव. श्वास येतो, जातो. तेवढंच बघ." बघत राहिलो. हळूहळू प्रार्थना परत आली. श्वास आत येताना येशूचं नाव. बाहेर जाताना काहीच नाही.

"बाबा, तुमच्यात असं नाव घेत नाहीत ना?"

"देव तुझा, नाव तुझं. मला कशाला विचारतोस? बैलांना पाणी दाखवलंस का?"

माझं हे बसणं म्हाताऱ्याने शिकवलेलं, हे पाद्रीबाबाला कळलं. त्याने फर्मावलं, येत्या रविवारी गळ्यात दोर बांधून, हातात मेणबत्ती घेऊन सगळ्यांसमोर उभा राहा. म्हाताऱ्याची विद्या सैतानाची आहे असं म्हण. नाहीतर तुझ्या मुलीचा बाप्तिस्मा होणार नाही. मुलगी नुकती जन्मलेली, तापाने फणफणलेली. बाप्तिस्म्यावाचून गेली असती तर तिला आमच्या दफनभूमीतही जागा नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, म्हणून टाका. जन्मभर काहीबाही बरळत आलात, त्यात हे एक."

खरंच होतं. मी वाक्य पाठ केलं. दोर हवा होता, तर बैलाचं दावं मागून आणलं. कुणाकडून? म्हाताऱ्याकडूनच. त्याने बैलाच्या गळ्यातलं सोडून हातात दिलं.

रविवारी उभा राहिलो. कप्तान खुर्चीत पाय पसरून. पाद्रीबाबा म्हणाला, "बोल."

तोंड उघडलं. आधी श्वास आला. सवयीने त्याच्याबरोबर येशूचं नाव आलं. पुढचं वाक्य काही येईना. ज्याने माझी प्रार्थना मला परत दिली, त्याला सैतान म्हणायचं? तेही येशूसमोर?

"नाही म्हणणार."

"मुलीचा विचार कर."

"केला. तिला बाप्तिस्म्याचं पाणी मीच घालतो. जीव जात असेल तर कुणीही घालावं, हे तुम्हीच शिकवलंत."

गळ्यातलं दावं काढलं. घरी आलो. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने तिच्या कपाळावर पाणी ओतलं.

मुलगी जगली. मी दमलोय. भांडायचा माझा पिंडच नाही. तरी दर रविवारी तिला घेऊन देवळात जाणार. हाकललं तर पायरीवर बसेन. पायरीवरून उठवलं तर रस्त्यावर. मांडी घालूनच. माफी मागणार नाही. तिलाही कधी मागू देणार नाही.