स्लॅबखाली बसायची रीत

स्लॅब वतल्याच्या एकोनिसाव्या दिशी रंगनाथतात्यांनी नदीवरनं चौथी कावड आनली, शिडीनं वर चढले, नव्या स्लॅबवर पानी सोडलं आन् तिथंच बसले. खाली आंगनात त्यांची बायकू, गोजरकाकी, चुलीपुढं भाकरी थापत हुत्या. त्यास्नी पानी सोडल्याचा आवाज आला, डबा ठेवल्याचा आवाज आला, आन् मंग कायबी न्हाई. रोज तात्या वरनं म्हनायचे, झालं गं, वाढ. त्या दिशी म्हनले न्हाईत. काकींनी तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, वाट बघितली, मंग पिठाच्या हातानंच शिडी चढल्या.

तात्या वल्या बारदानावर आडवे पडल्याले. अंग तव्यागत तापल्यालं आन् घामाचा थेंब न्हाई. काकींनी डब्यात हात घातला तर डबा कोरडा. सगळं पानी स्लॅबला पाजल्यालं, सोताला घोटभर ठेवलं नव्हतं. मच्छिंद्रनं, म्हंजी सेंट्रिंगवाल्यानं, त्यास्नी खांद्यावर घेऊन उतरवलं. बैलगाडी जुपली, पर गाडी येशीभायेर पडायच्या आतच तात्या गेले. चव्वेचाळीस वय, काय जायाचं हुतं का.

तात्या पुनतांब्याचे गवंडी. ऐन जवानीत कारखान्याच्या गोडाऊनवर काम केलं, तिथं सळई बांधायला शिकले, सिमेट कालवायला शिकले. आजूबाजूच्या गावात अकरा स्लॅब त्यांच्या हातचे हायेत, आजबी एकात चीर न्हाई. आन् सोता राह्यचे मातीच्या घरात.

त्या मातीच्या घराची भित पावसात बसली, आन् तात्यांचे वडील झोपल्या जागी भितीखाली गेले. शेजारीच तात्यांची आय झोपल्याली, बनुबाई, ती वाचली. पर त्या दिसापासनं म्हातारी छपराखाली झोपंना. लिंबाखाली खाट टाकायची, पाऊस आला तर गाडीखाली सरकायची, थंडीत दोन वाकळा घ्यायची, पर आत न्हाई म्हंजी न्हाई. चार वर्सं काढली अशी. लोक तात्यांना तोंडावर म्हनायचे, लोकाला बंगले बांधतो आन् आय लिंबाखाली. तात्या हासून घ्यायचे. काकींना ठावं हुतं, ते हासनं घरी आल्यावर भाकरीसंगं त्यास्नी गिळवत न्हवतं.

म्हनून नवं घर बांधाया काढलं. चार खांब, वर सळईचा स्लॅब. म्हातारीला दाखवलं तर ती म्हनली, "रंगा, मातीनं तुझा बाप न्हेला. आता माझ्या डोक्यावर दगूड ठिवतो का?"

"दगूड न्हाई आये. सगळं येका जीवाचं आसतंय. मी खाली बसून दावीन, मंग तू ये."

ती बसायची रीत गवंड्यांची. सेंट्रिंग काढताना खालच्या बल्ल्या ठोकून पाडत्यात, तवा ज्यानं स्लॅब वतला त्यानं खाली बसायचं. सोताच्या कामावर इस्वास आसंल तर बस, नसंल तर वतलाच कशाला? तात्या अकराच्या अकरा स्लॅबखाली पालथ्या घमेल्यावर बसल्याले. शेवटची बल्ली पडली की वर थापीची मूठ वाजवायचे, कान देऊन ऐकायचे आन् च्या मागायचे. काकी तवा घरी देवापुढं बसायच्या.

सिमेट परमिटवर मिळायचं. दोन वर्सं अर्ज करून गोण्या आल्या त्या नेमक्या दुस्काळात. बाहत्तरचा पाऊस गेल्याला, हिरी आटल्याल्या, गोदावरीत निसती वाळू. मच्छिंद्र म्हनला, तात्या, थांबा, पाऊस पडू द्या. काकीबी तेच म्हनल्या. पर गोण्या ठिवल्या की सिमेट धरतंय, पावसाळ्यापातूर निसतं दगूड झालं आसतं. परत परमिट कवा मिळनार, आन् म्हातारी तवर ऱ्हाती का? तात्यांनी चैतात स्लॅब वतला.

वतला तर खरा, पर स्लॅबला एकवीस दिस पानी लागतंय. न्हाई मिळालं तर तडकतोय. तात्यांनी वर मातीची आळी केली, बारदान हातरलं, आन् पान्याचा घोर सुरू झाला. शेजारची छबूबाई पानवठ्यावर सगळ्यांदेखत बोलली, "आमच्या म्हशीला प्यायाला न्हाई आन् ह्यांचं घर पितंय." काकी रिकामी कळशी घेऊन माघारी आल्या. तात्या म्हनले, खरं बोलली ती. गावच्या हिरीचा थेंब घ्यायचा न्हाई.

मंग नदीच्या वाळूत त्यांनी झिरा खांदला. पुरुसभर खोल गेल्यावर पानी लागलं, वाटीवाटीनं भरायचं. तेच पानी कावडीनं आनायचं, दिसाला आठ खेपा. काकी म्हनल्या मी येते, तर म्हनले तू आयेकडं बघ. हेच काकींच्या मनातनं जात न्हाई. त्या दिशी आपन ऐकायलाच नको हुतं, मागं मागं जायला पायजे हुतं, निसतं येवढंच म्हनायला पायजे हुतं की ह्या डब्यातलं आधी तुमी प्या.

तात्या गेले त्या दिशी फुडच्या चार खेपा झाल्याच न्हाईत, स्लॅब कोरडा पडला. कुनाच्या ध्यानात ऱ्हानार?

दुसऱ्या दिशी सकाळी छबूबाई आली. सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारनींनी भाकरी आनायची आसती. तिच्या डोक्यावर पाटी आन् काखंत कळशी. पाटी काकींपुढं ठिवली, वर बघितलं न्हाई, आन् कळशी घेऊन तशीच शिडी चढली. काकींना वरनं पानी सोडल्याचा आवाज आला. तवा त्या रडल्या, आधी रडल्याच नव्हत्या. छबूबाई त्याच्या दुसऱ्या दिशीबी आली, तवा एकवीस पुरे झाले.

तेरावं झाल्यावर मच्छिंद्र सेंट्रिंग काढायला आला. हातात घन घेऊन नुस्ता उभा. म्हनला, वयनी, अर्धा दीस आन् रातभर पान्याचा खंड पडलाय, मला सांगता येत न्हाई. तुमी सगळे लांब व्हा, मी बसतो खाली, एक गडी बल्ल्या पाडंल.

काकी म्हनल्या, मी बसते. मच्छिंद्र न्हाई म्हनला. दोघांचं चाललं हुतं तवर लिंबाखालची खाट करकरली.

बनुबाई उठली. काठी टेकत आली, उंबऱ्यापाशी थांबली, वर बघितलं. चार वर्सांत पयल्यांदा ती दारातनं आत आली. तात्यांचं घमेलं कोपऱ्यात हुतं, ते तिनं सोता पालथं घातलं आन् मधोमध बसली.

"आत्याबाई, उठा," काकी म्हनल्या.

"माझ्यासाटी वतलाय त्यानं. पाड रं मच्छिंद्रा."

मच्छिंद्रनं काकींकडं बघितलं. काकी म्हातारीच्या पायाशी जाऊन बसल्या. एक बल्ली पडली, दुसरी पडली, फळ्या सुटल्या, वाळूची कच म्हातारीच्या पांढऱ्या केसात पडली. शेवटची बल्ली पडली तवा मच्छिंद्रनं डोळं मिटल्यालं. स्लॅब हलला न्हाई.

मच्छिंद्रनं थापीची मूठ वर वाजवली आन् बाजूला तोंड फिरवलं. काकींनी म्हातारीच्या केसातली कच येचायला घेतली. म्हातारी वर बघत राह्यली बराच येळ. मंग भुईवर हात फिरवला, हितं गार हाय म्हनली, आन् काकींना म्हनली, "गोजर, माझी वाकळ आन आत."

काकी लिंबाखालनं वाकळ घेऊन आल्या तवर म्हातारी उघड्या भुईवर झोपलीबी हुती.