गणपतीच्या गाड्या आणि गवताचा चर

आमची सोसायटी मिरजोळ्याच्या बाजूला, कातळावर. कातळात पाणी मुरत नाही, म्हणून बिल्डरने कुंपणालगत गवताचा चर काढला होता. गच्चीचं, अंगणाचं सगळं पाणी त्यातून मागच्या खोलगट बागेत जायचं आणि कर्दळीशेजारी कातळ फोडून केलेल्या खड्ड्यात जिरायचं. तळमजल्यावरचं घर मी त्या चराच्या भरवशावरच घेतलं होतं.

गणपतीच्या आधी सेक्रेटरींनी तो खडी-मातीने बुजवला. मुंबईकरांच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मीटिंगमध्ये मी तावातावाने भांडले, तर सगळे हसले, कारण पहिली गाडी आमच्याच भावोजींची, माझ्या धाकट्या दिरांची येणार होती. "काय नाय होत हो. पाच दिवसांचा तर प्रश्न," सेक्रेटरी म्हणाले.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची आरती चालू असताना पाऊस लागला. मी टाळ्या वाजवत होते, पण लक्ष सगळं दाराकडे. बघता बघता अंगणातलं लाल पाणी पायरी चढून उंबऱ्याला लागलं. आत बुटक्या चौरंगावर गणपती. एकदा प्रतिष्ठापना झाली की विसर्जनापर्यंत आम्ही मूर्ती हलवत नाही. सासूबाई चौरंगाचा पाय धरून खालीच बसल्या. मला भीती वाटली, आणि रागही तितकाच आला. धावत आलेले सेक्रेटरी सुचवायला लागले की उत्तरपूजा आत्ताच उरकून घ्या, यंदा दीड दिवसाचा समजा.

"देव हलणार नाही," मी म्हटलं. "गाड्या हलवा."

भावोजी नेसत्या सोवळ्यानिशी बाहेर पळाले आणि गाडी रस्त्यावर लावून आले; मागोमाग बाकीच्या गाड्याही निघाल्या. माझ्या नवऱ्याने कुदळ घेतली, मग दोघे भाऊ मिळून खडी उपसायला लागले. पाणी काही हटेना. उंबऱ्याशी जुन्या साड्यांचे बोळे दाबत मी देवालाही नाही नाही ते बोलून घेतलं. शेवटी गढूळ लोट बागेकडे वळला आणि पायरी दिसायला लागली.

विसर्जन ठरल्या दिवशीच झालं. मुंबईला निघताना भावोजी म्हणाले, "वहिनी, पुढल्या वर्षी आम्ही एसटीनं येतो." मला बरं वाटलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला. शिमग्याला परत गाड्या येतील, तर चरावर काँक्रीटच करून टाकूया का? शिमग्याला काही पाऊस नसतो, असंही खाली लिहिलं होतं. होकाराचे अंगठे भराभर पडत होते. कुदळ अजून दाराशीच होती. मी ती धुऊन-पुसून माझ्या कॉटखाली ठेवली.