मसाल्यावरची हिरवी वहिनी

आमच्या घरात ज्याला फोनवर फोटोमागची भिंत उडवता येते त्याला कलाकार म्हणतात. म्हणजे मला. बारशापासून सोसायटीच्या पूजेपर्यंत सगळ्या बॅनरवरची मुंडकी मीच कापलेली आहेत, आणि आजवर एकाही कानाने तक्रार केलेली नाही. त्यामुळे वहिनीने मसाल्याच्या पाकिटाचं स्टिकर माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "हे तर चहा होईपर्यंत करतो."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दर उन्हाळ्यात ही गच्चीवर मिरच्या वाळवणार, भाजणार, शिंकत शिंकत डंकावर कुटून आणणार, आणि लोक बोट चाटून म्हणणार, "सासूबाईंच्या हाताची चव!" आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चव तिचीच. यंदा बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत रविवारी बायकांचे स्टॉल लागणार होते. वहिनीने जाहीर केलं, "पाकिटावर माझं तोंड पाहिजे. आणि मोठं पाहिजे. एकदा कळू दे लोकांना, कुटतं कोण ते."

फोटो तिनेच निवडला. गावच्या परसात, केळींच्या पुढ्यात, आबोलीचा गजरा माळून उभी. मी केळी उडवल्या. फोनच्या पांढऱ्या पडद्यावर वहिनी झकास दिसली. स्टिकर लालभडक, त्यावर तिला बसवली आणि छापायला पाठवून दिली. लाल रंगावर ती कशी दिसते हे नीट बघायचं असतं, हे कलाकाराला कुठलं सुचायला!

स्टिकर घरी आली. वहिनीच्या केसांभोवती, गजऱ्याभोवती, पार खांद्यापर्यंत फिकट हिरवी लव उगवली होती.

दादाने चष्मा वर केला. "बुरशी आलीये रे."

"मसाल्याला?" मी विचारलं.

"मालकिणीला."

वहिनी रागावली की थेट मालवणीत शिरते. "भावजीनू, ह्यां काय करून ठेवलात?"

"वहिनी, ते तेज आहे. देवांच्या मागे असतं ना, तसं."

"हिरवं? कुठल्या देवाचं? बुरशीचा मसाला घेणार कोण? परवा स्टॉल आहे माझा!"

मग नीट मोठं करून बघितलं. केळी गेल्या होत्या, पण जाता जाता वहिनीच्या कडेला आपला रंग पुसून गेल्या होत्या. तिथला प्रत्येक ठिपका अर्धा केस, अर्धी केळ. पांढऱ्यावर ते खपून गेलं, लालने चुगली केली.

मी सरळ चारी बाजूंनी कड आत छाटली. हिरवं गेलं. त्याबरोबर अर्धा गजरा गेला आणि डोकं नारळासारखं गुळगुळीत झालं. माझ्या बायकोने मागून डोकावून बघितलं.

"वहिनींचं जावळ काढलंस की काय?"

"मग काय करू? कापल्याशिवाय जात नाही ते."

"तुला कलप लावते तेव्हा पांढरे केस कापते का मी? रंगवते ना? मग!"

एवढी साधी गोष्ट, आणि माझ्याच डोक्यावर दर महिन्याला घडणारी. मी छाटलेली कड परत आणली आणि वहिनीमागे आधी स्टिकरचाच लाल रंग लावला, म्हणजे फसवणूक नको. मग तिच्याच केसांतला काळा रंग उचलून हिरव्या कडेवर बारीक कुंचला फिरवला. गजऱ्याला गजऱ्यातलाच आबोली, खांद्याला पदरातला. वहिनी शेजारी स्टूल टाकून मुकादमासारखी बसली.

"तिथे कानामागे राहिलंय. आणि हनुवटीखालचं पण काढा."

"ते केळीचं नाही, वहिनी."

"ठाऊक आहे मला. काढा."

काढलं. दिराला दुसरा इलाज नसतो.

या वेळी आधी एकच स्टिकर छापून घेतलं, पाकिटावर चिकटवलं आणि खिडकीतल्या उन्हात सगळ्यांनी फिरवून फिरवून बघितलं. वहिनी तेवढी राहिली होती, केळी पूर्ण गेल्या होत्या. मगच बाकीची छापली.

रविवारी पहिल्याच बाई आल्या, मसाला हुंगला आणि विचारलं, "काय वास आहे हो! कोण करतं, सासूबाई?"

वहिनीने पाकीट उचलून आपल्या गालाशी धरलं. बाईंनी पाकीट बघितलं, वहिनीला बघितलं, परत पाकीट बघितलं.

"अगंबाई! तुम्हीच की!" आणि शेजारच्या स्टॉलकडे तोंड करून ओरडल्या, "इकडे ये गं, ह्या बाई स्वतः कुटतात!"

दुपारी टेबल रिकामं झालं. दादा सामान घेऊन लिफ्टपाशी उभा होता. हा सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळे याच्याच नावाने ओरडतात. लिफ्टमधून उतरणाऱ्या एका नव्या भाडेकरूने वहिनीला वाकून नमस्कार केला आणि दादाकडे बघून विचारलं, "हे तुमचे मिस्टर का?"

"हो ना," वहिनी म्हणाली, "पिशव्या उचलायला ठेवलेत."