जॉर्जियात मिक्सर चालतो

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते. नाहीतर तुम्ही हे दुसऱ्या कुणाकडून ऐकाल, आणि त्यांच्या तोंडून मी आहे त्यापेक्षा जास्त येडी दिसेन. आहे तेवढी येडी मला पुरेशी आहे.

तर झालं असं, की आमच्या ह्यांना, म्हणजे नितीनला, कंपनीने अमेरिकेला पाठवलं. जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरात. हे आधी गेले, आणि घर मिळाल्यावर मी जायचं असं ठरलं. मी तोपर्यंत शहाद्याला सासूबाईंजवळ. शहाद्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. 'नितीननी बायको जॉर्जियाले चालनी' हे भाजीवालीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. अमेरिका हा शब्द मात्र त्यात कुठे उरला नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला, पण तेव्हा कुणाला कळणार?

आता सामान. दोन बॅगा न्यायच्या आणि प्रत्येकीचं वजन ठरलेलं. माणसाने काय न्यावं? कपडे, औषधं, देव. मी काय ठरवलं? मिक्सर.

हसू नका. मिक्सर साधा नव्हता. लग्नात मोठ्या मामांनी दिलेला, साडेसातशे वॉटचा, तीन भांड्यांचा. चालू केला की शेजारचं मांजर भिंत सोडून जायचं. आणि खानदेशात वाटणाशिवाय भाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. खोबरं, कांदा भाजून काळ्या मसाल्याचं वाटण जमलं नाही तर मी परदेशात जाऊन करू काय?

मी ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "विजेचं काहीही आणू नकोस. इथला करंट आपल्यापेक्षा निम्मा असतो. मिक्सर चालणार नाही."

मी 'बरं' म्हटलं. पण पटलं नाही. हे कॉम्प्युटरवाले. घरातला फ्यूज उडाला तर बॅटरी धरून उभे राहतात आणि फ्यूज मी बदलते. ह्यांना करंटचं काय कळतं?

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या शोभाकाकू घरी आल्या. त्यांची मुलगी मयूरी डॉक्टरकी शिकायला परदेशात गेलीय एवढं मला माहीत होतं. कुठे, ते कधी विचारलं नव्हतं. काकू पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू जॉर्जियाले चालनी म्हने? मन्ही मयूरी बी तठेच शे."

बघा, देव कसा माणूस पाठवतो.

मी तिथल्या तिथे नंबर घेतला आणि संध्याकाळी मयूरीला फोन लावला. गोड पोरगी. मी पहिला प्रश्न विचारला तोच, "मयूरी, जॉर्जियात आपला मिक्सर चालतो का गं?"

"चालतो ना वहिनी. मी शहाद्याहूनच आणलाय. रोज चटणी करते."

"मध्ये काही यंत्रबिंत्र लावावं लागतं?"

"काही नाही. फक्त पिन वेगळी आहे, अडॅप्टर घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे."

"इस्त्री? राइस कुकर?"

"सगळं आणा. आणि पाणी तापवायचा रॉड पण आणा. आमच्या हॉस्टेलला कधीकधी गरम पाणीच येत नाही."

मला जरा वाईट वाटलं. एवढी अमेरिका, आणि आंघोळीला गरम पाणी नाही. पण म्हटलं, असेल. मी पुढे विचारलं, "भाजीपाला मिळतो का?"

"मिळतो. आणि स्वस्त. दोन-तीन लारीत पिशवी भरते."

हे तर मला फारच आवडलं. आमच्याकडे लारी म्हणजे हातगाडी. केळीची लारी, भाजीची लारी. म्हणजे तिथेसुद्धा दोन-तीन लाऱ्या फिरलं की पिशवी भरते. अगदी शहाद्याच्या बाजारासारखं. कोण म्हणतं परदेशात सगळं काचेच्या दुकानात मिळतं?

एक गोष्ट मात्र जरा खटकली होती. मी संध्याकाळी फोन केला की मयूरी म्हणायची, "आत्ताच कॉलेजमधून आले, दुपार झाली." आणि त्याच वेळी ह्यांना फोन केला की हे दात घासत असायचे. मी मनात म्हटलं, डॉक्टरकीची पोरं. त्यांना कसली सकाळ आणि कसली दुपार.

मी ह्यांना विजयी थाटात सांगितलं, "जॉर्जियात मिक्सर चालतो. तिथे राहणारी मुलगी रोज चटणी करते."

हे म्हणाले, "अगं, अख्ख्या अमेरिकेत करंट निम्मा आहे."

"अख्ख्या अमेरिकेत असेल. जॉर्जियात नाही."

"एकाच देशात दोन करंट कसे असतील?"

आता माझं माहेर नवापूरचं. नवापूरच्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये, तुम्हाला माहीतच आहे. बाकावर एका बाजूला बसलं की महाराष्ट्र, सरकून बसलं की गुजरात. लहानपणी आमची लाइट गेली की आम्ही गच्चीवरून पलीकडच्या गुजरातचे दिवे बघत बसायचो. त्यामुळे प्रत्येक राज्याची वीज वेगळी असते हे मला ह्यांनी शिकवायची गरजच नव्हती. मी ह्यांना नवापूर समजावून सांगितलं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती मुलगी खरंच जॉर्जियात राहते?"

"तिच्या आईला विचारा."

"मग आण बाई. तिथे राहणाऱ्या माणसापुढे मी काय बोलणार?" हे स्वतःही तिथेच राहत होते, हे बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मिक्सर, इस्त्री, राइस कुकर आणि रॉड, असं सगळं अडॅप्टरांसकट बॅगेत गेलं. घरघंटीवरही माझा डोळा होता, पण ती दोघांनी उचलावी लागते. सासूबाई खाटेवर बसून हे सगळं बघत होत्या. शेवटी उठल्या आणि स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता आणून माझ्या साड्यांवर ठेवला.

"हाऊ लई जाय," त्या म्हणाल्या. "याले लाइट नही लागस."

सासूबाईंचं मन मोडवेना. ठेवला. पण निघायच्या आदल्या दिवशी शोभाकाकू मयूरीसाठी खाऊ घेऊन आल्या. नंदुरबारची लाल मिरची, ज्वारीचे बिबडे म्हणजे पापड, कैरीचं लोणचं, भाजलेला काळा मसाला. "मन्ही पोरले इतलं दी देजो, बेन," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. आईने लेकीसाठी केलेलं, त्याला नाही म्हणणारी मी कोण? पण बॅगेत जागा नव्हती. मी विचार केला, साडेसातशे वॉट सोबत असताना खलबत्ता कशाला? तो काढला आणि तिथे मयूरीचा खाऊ भरला.

मयूरीला फोन करून सांगितलं, "तुझ्या आईने खाऊ दिलाय. मी पोहोचले की रविवारी जेवायलाच ये."

"नक्की येते वहिनी. फक्त पत्ता पाठवा."

मी पोहोचले. घर छान होतं. शुक्रवार, शनिवार झोपेतच गेले. रविवारी सकाळी हे कोथिंबीर आणायला बाहेर पडले. मला म्हणाले, "तुझी ती मयूरी कितीला येणार?" मी म्हटलं, "बारापर्यंत बोलावते. तुम्ही या, तोवर वाटण तयार असेल."

आयुष्यात एवढ्या आत्मविश्वासाने मी दुसरं कुठलंही वाक्य बोललेले नाही.

कुकरला भात लावला. इस्त्री लावली, पाहुणी यायची तर ह्यांचा शर्ट तरी नीट असावा. खोबरं-कांदा भाजून मिक्सरमध्ये घातला आणि बटण फिरवलं.

मिक्सरने सुस्कारा टाकला. खरंच सांगते, सुस्कारा. मग आतलं पातं घाण्याच्या बैलासारखं सावकाश फिरायला लागलं. कांदा त्याच्याबरोबर शांतपणे फेऱ्या मारत होता. इस्त्रीला हात लावला तर ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखी कोमट. कुकरमध्ये तांदूळ नुसते भिजत पडलेले.

मी ताबडतोब ओळखलं. व्होल्टेज कमी आहे.

शहाद्याला उन्हाळ्यात शेतावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की असंच होतं. पंखा मोजता येईल इतका हळू फिरतो. त्यावर उपाय काय, तर घरातलं बाकी सगळं बंद करायचं. मी सगळे दिवे बंद केले. टीव्हीची पिन काढली. फ्रिजची काढली. हीटर बंद केला. मिक्सर तसाच. खिडकीतून वाकून बघितलं, की शेजारी कुणी पाण्याची मोटार तर लावली नाही ना. खाली नुसत्या गाड्या उभ्या होत्या.

म्हटलं, मयूरीला विचारावं. तिच्या भागातही कमी असेल तर वाट बघू.

"मयूरी, तुझ्याकडे आज व्होल्टेज कमी आहे का गं?"

"नाही वहिनी, व्यवस्थित आहे. तुम्ही पोहोचलात? आम्ही केव्हाच्या पत्त्याची वाट बघतोय. माझ्या मैत्रिणीपण यायचं म्हणतायत, चालेल ना?"

"चालेल की. पण बारापर्यंत या सगळ्या."

"बारा? वहिनी, संध्याकाळचे सात वाजलेत."

"अगं झोपेत आहेस का? सकाळचे दहा वाजलेत. चांगलं ऊन पडलंय."

"वहिनी, इथे अंधार आहे. बर्फ पडतोय."

आता इथे तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? मी तिला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "असेल. राज्य मोठं आहे. आपल्याकडे नाही का, नवापूरला पाऊस आणि शहाद्याला ऊन."

मयूरीने फार हळू विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठल्या शहरात उतरलात?"

"अटलांटा."

"ते अमेरिकेत आहे."

"हो मग. जॉर्जिया अमेरिकेतच आहे ना?"

"वहिनी, मी अमेरिकेत नाही. जॉर्जिया नावाचा एक देश आहे. रशियाच्या खाली, तुर्कस्तानच्या बाजूला. मी तिथे आहे."

मी खुर्चीत बसले. बसल्या बसल्या एकेक गोष्ट उलगडायला लागली. तिची दुपार. हॉस्टेलचं गरम पाणी. आणि ती लारी? लारी म्हणजे त्या देशाचा पैसा, आपला रुपया तसा. हातगाडीचा काही संबंधच नव्हता.

तेवढ्यात हे कोथिंबीर घेऊन आले. दिवे बंद, हीटर बंद, फ्रिज घाम गाळतोय, आणि बायको फोन धरून बसलेली.

"काय झालं?" ह्यांनी घाबरून विचारलं.

मी म्हटलं, "मयूरी येत नाही. तिचा जॉर्जिया वेगळा आहे."

 मी सगळं सांगितलं तसे हे शेजारी बसले आणि इतके हसले की कोथिंबीर मांडीवरून खाली पडली. एक शब्द रागाचा बोलले नाहीत. उठले, एक-एक पिन पुन्हा लावली, आणि म्हणाले, "आता आईने दिलेला खलबत्ता काढ." मग तो शहाद्यालाच राहिला, हेही मला सांगावं लागलं.

पण तिकडे मयूरी धरून पाच उपाशी मुली बसलेल्या, त्यांचं काय? मयूरीच म्हणाली, "वहिनी, तुम्ही सांगा, आम्ही करतो." मग मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि व्हिडिओवर बघत शेवभाजी सांगितली. त्यांनी कांदा भाजला, खोबरं भाजलं आणि मयूरीने तिचा मिक्सर लावला. काय तो आवाज. खणखणीत, पूर्ण व्होल्टेजचा. आम्ही दोघं इकडे स्टीलच्या डब्यात लाटण्याने मसाला कुटत तो आवाज ऐकत होतो. 

शोभाकाकूंना फोन करून खाऊबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तूच खाय बेन, तिले मी दुसरं धाडसू." आणि मग विचारात पडून म्हणाल्या, "पन एकच नाव कशाले ठेवं त्यासनी?" मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.

हे नंतर मिक्सरसाठी एक ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. तो मिक्सरपेक्षा जड आहे. ओट्यावर दोघे शेजारी बसलेले असतात, आणि वाटण उत्तम होतं. आम्ही मजेत आहोत.

शहाद्यात मात्र आता गोष्ट अशी सांगतात, की नितीनची बायको चुकीच्या विमानात बसली आणि भलत्याच देशात जाऊन उतरली. परवा म्हणे बाजारात कुणीतरी सासूबाईंना काळजीने विचारलं, "तुन्ही सून चुकीना जॉर्जियाले गयी म्हने?"

सासूबाईंनी भेंडी निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "नवरा तठेच भेटना ना तिले?"

नवरा भेटला, हे त्या बाईने कबूल केलं, "हा, भेटना."

"मंग," सासूबाई म्हणाल्या, "पहिलींदाच काहीतरी बरोबर कयं तिनी."