दोऱ्यात बांधलेलं सर्किट

"हे सर्किट आहे की कोळणीची पाटी?"

भर वर्गात विभागप्रमुखांनी विचारलं. माझ्या टेबलावरचा तांब्याचा पत्रा दोन बोटांनी उचलून नाकाशी नेला. पोरं हसली. मीच शिकवत होतो त्या पोरांना. मीही हसलो. दात काढून हसलो, याचा राग अजून जात नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. रत्नागिरीतल्या एका तंत्रनिकेतनात मी नवा अधिव्याख्याता. घर मिरकरवाड्यात, आई मासळी घेऊन दारोदार फिरणारी. विभागप्रमुख साहेब सगळ्यांना 'अहो' म्हणायचे, शिपायालासुद्धा. मला 'अरे'. तासाला जाण्याआधी मी दोनदा साबणानं हात धुवायचो. मासळीला हात लावलेला नसतानाही.

मी होड्यांवरच्या वायरलेससाठी रिसीव्हर करत होतो. फ्रिक्वेन्सी फार उंच. तिथे अर्धा इंच तार जास्त झाली तरी ती स्वतःच कॉइलसारखी वागते आणि सगळं बिघडवते. म्हणून तारा आखूड ठेवायच्या, सुटे भाग पत्र्यावर जिथल्या तिथे, वाकडेतिकडे जोडायचे. दिसायला भिकार. पण बोलायचं. दोन वर्षं घासली होती मी त्यावर.

मुंबईहून तज्ज्ञांची समिती येणार होती. तिनं होकार दिला तरच माझं संशोधन पुढे चालणार. आदल्या दिवशी मी परीक्षेच्या कामाला देवरूखला गेलो, आणि इकडे साहेबांनी माझं सर्किट सुटं करून नव्यानं जोडून घेतलं. साहेब पॉवरवाले, म्हणजे वीजवितरणातले, हयात सबस्टेशनच्या पॅनेलांवर गेलेली. लांब तारा, काटकोनात वळवलेल्या, मेणाच्या दोऱ्यानं ओळीत बांधलेल्या. देखणं झालं होतं. आणि मुकं.

मी परतलो तो थेट समितीपुढेच. नुसती खरखर. साहेब माझ्याकडे वळले.

"अरे, हे काय जाळं विणायचं काम आहे?"

कुणीच हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. पहिल्यांदाच. अंगाची नुसती लाही झाली.

"हा दोरा तुमचा आहे. हे माझं काम नाही," मी म्हणालो. "मला पाऊण तास द्या."

समितीतल्या एका बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. साहेब "अरे, अरे" करत राहिले. मी दोरे कापले, तारा छाटल्या, पुन्हा सोल्डरचे डाग दिले. बोट भाजलं. कॉइलचा एक वेढा काडीनं किंचित सरकवला. प्रयोगशाळेतले गणूभाऊ ट्रान्समीटर घेऊन फाटकापाशी उभे होते, त्यांचा आवाज खणखणीत आला.

"सर, आयकू येतंय काय? किती येळ एकटाच बोलू मी?"

समिती होकार देऊन गेली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली.

"अहो, शोधनिबंध पाठवून देऊ. माझं नाव आधी टाका. तुमच्यासारख्याला एकट्याला कोण विचारणार?"

मी उठलो. "तुमचं नाव येणार नाही. आधी नाही, नंतर नाही, आभारातसुद्धा नाही. गोपनीय अहवालात काय लिहायचं ते लिहा."

त्यांनी लिहिलं. माझी बढती अडली. निबंध मी एकट्याच्या नावानं पाठवला, कोळ्याचं आडनाव पूर्ण लिहून, मिरकरवाड्याचा पत्ता घालून. परत आला. पुन्हा पाठवला. जितक्यांदा परत येईल तितक्यांदा पाठवीन, नोकरी राहो की जावो. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव मी चढू देणार नाही.