हात अजून बसलेला नाही

माझा मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं, पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा आणि "हळू, हळू!" असं ओरडायचं, हा त्याचा धंदा. सुट्टीच्या दिवशी तो चित्रं काढतो. तेव्हाही रंग जरा जास्त लागला की त्याचा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. मामी म्हणते, तिथे ब्रेक लागत नाही, म्हणून तर चित्रं अशी होतात.

एकदा एका बँकेत त्याने अध्यक्षांचं भलंमोठं पोर्ट्रेट पाहिलं. ते काढणारा चित्रकार बड्या लोकांचा फार लाडका होता. मंत्री, सर्जन, त्यांच्या बायका, सगळे त्याच्यापुढे बसायला रांग लावायचे, कारण त्याच्या चित्रात माणूस हमखास तरुण आणि सडपातळ व्हायचा. मामाने त्याला कौतुकाचं पत्र लिहिलं आणि सोबत स्वतः काढलेल्या एका चित्राचा फोटो धाडला. चित्रात मामी खुर्चीत बसलेली, हातात उगारलेलं उलथनं.

उत्तर आलं, "चित्र आवडलं. पण हात अजून बसलेला नाही."

सराव कमी पडतोय, एवढाच त्याचा अर्थ. मामाने मात्र चित्रातला मामीचा हात निरखून पाहिला. खरंच की, उभाच होता! त्याने तो खोडला, मांडीवर नीट टेकवला आणि नवा फोटो पाठवला. "सूचनेबद्दल आभारी आहे. हात बसवला आहे. उलथनं खाली ठेवलं आहे."

यावर चांगलं चार पानी पत्र आलं. चित्रकार हसता हसता स्टुलावरून पडला होता आणि त्याचं कोपर खरचटलं होतं. "माझ्यापुढे बसणारे पोट आत ओढून गप्प बसतात," त्याने लिहिलं होतं. "मला हसवत कुणीच नाही. आपण लिहीत जावं."

झालं! मामाचे पाय जमिनीवर ठरेनात. "हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे," मामी म्हणाली आणि तिने चित्रकाराचं नाव 'चेहरेवाला' ठेवून टाकलं. मामा लिहायचा, आज एका वकीलबाईंनी गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात घातली. चेहरेवाला लिहायचा, आज एका सेनापतीने नाक सरळ करून मागितलं. बघता बघता 'आपण'चं 'तुम्ही' झालं आणि 'तुम्ही'चं 'तू'. भेट मात्र एकदाही झाली नव्हती.

मग एक दिवस पत्र आलं, "सगळ्या जगाला मी काढलं, मला कुणीच काढलं नाही. येतोय. तू काढ."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "बिघडलं तर?" तो मला म्हणाला. "या वयात मित्र मिळालाय गं. एका चित्रापायी जायचा."

चेहरेवाला आला. टक्कल, डोळ्यांखाली पिशव्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि कपबशा हलतील असं हसणं. मला तर तो बघताक्षणी आवडला. दुपारभर मामा चित्र काढत राहिला, आणि एकदाही "हळू" म्हणाला नाही. शेवटी मी मागून डोकावले. चित्रात हनुवटी एकच होती. डोक्यावर केस होते!

चेहरेवाला उठून बघायला आला आणि त्याचं हसू मावळलं.

"छान आहे. मीच काढल्यासारखं," तो म्हणाला. "जन्मभर लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं मी. वाटलं, तू तरी मला जमिनीवर ठेवशील. जसा आहे तसा नाही आवडलो का रे तुला?"

"आवडलास म्हणून तर घाबरलो!" मामा ओरडला. "बस खाली!"

शिकाऊ लोकांना दरडावायचा तोच आवाज. चेहरेवाला मुकाट बसला. मामाने टर्पेंटाइनच्या बोळ्याने चित्रातले केस पुसून टाकले.

"टक्कल आहे तुला."

"आहे."

"हनुवट्या दोन."

"अडीच. नीट बघ."

मग दोघे असे सुटले की विचारू नका. मामा पिशव्या रंगवतोय, हा बसल्या जागेवरून "अजून लोंबू दे!" म्हणतोय, रंग पडद्यावर उडतोय आणि मी पोट धरून हसतेय. तेवढ्यात मामी आली, चित्र बघून हादरली. "अहो, पाहुण्यांना असं काढतात का?" म्हणत तिने डोळ्यांखालच्या पिशव्या तरी पुसाव्यात म्हणून बोळा उचलला.

चेहरेवाला धावत जाऊन चित्रापुढे आडवा उभा राहिला. त्याच्या भारी कोटाला मागून ओला रंग लागला.

"वहिनी, नका हो पुसू," तो म्हणाला. "आत्ता कुठे मी दिसायला लागलोय."