जीव घाबरा

सगुणाबाई कशालाच घाबरत नाहीत, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. पार्किंगमध्ये धामण निघाली तेव्हा वॉचमनसकट सगळे पुरुष गाड्यांवर चढून बसले होते आणि या बाईंनी झाडूच्या दांड्याने ती हळूच गटाराकडे वळवली. नवरा गेल्यावर मनमाडजवळच्या खेड्यातून दोन पोरी घेऊन त्या नाशकात आल्या, गंगापूर रोडवरच्या सहा घरांत पोळ्या लाटल्या, दोघींची लग्नं करून दिली. आता वय एकसष्ट. माझ्याकडे चौदा वर्षं येतात. मी शाळेत मराठी शिकवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, पण दुसऱ्याचं बोलणं सुधारायची खोड काही सुटली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी सगुणाबाई जिना चढून आल्या आणि ओट्याकडे न जाता दारातच बसल्या. चेहरा घामाने डबडबलेला. "ताई, जीव लय घाबरा व्हतोय," म्हणाल्या.

मी त्यांना जवळच्या एका मोठ्या, चकचकीत दवाखान्यात नेलं. तिथे आधी ॲपवर नंबर लावायचा. ॲप उघडेना, तर काउंटरवरची मुलगी नखं बघत म्हणते, "मॅडम, नंबराशिवाय सिस्टीम घेत नाही." समोर बाई घामाने निथळतेय आणि हिची सिस्टीम घेत नाही! शेवटी नंबर मिळाला, मग सव्वादोन तास बसलो. भिंतीवरच्या टीव्हीत तिथलेच एक डॉक्टर हसत हसत सांगत होते, हृदयाची काळजी घ्या. दर दहा मिनिटांनी तेच हसू. मला शिसारी आली.

आत डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होते. "काय त्रास आहे?"

"जीव घाबरा व्हतो साहेब. जिना चढला का..."

"घाबरा म्हणजे?" डॉक्टरांच्या कपाळावर आठी.

मला वाटलं, यांचं शिक्षण इंग्रजीतलं, आपण सोपं करून सांगावं. "म्हणजे त्या जरा घाबरतात, डॉक्टर. भीती वाटल्यासारखं होतं त्यांना."

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी टाइप केलं: ॲन्झायटी. छाती तपासायची नळी गळ्यात होती ती गळ्यातच राहिली. बीपी बाहेरच्या मुलीने घेतलं होतं, तेवढं पुरलं. चार मिनिटांत आम्ही बाहेर, हातात गुळगुळीत फाईल आणि महिन्याच्या गोळ्या.

गोळ्यांनी सगुणाबाई पेंगायला लागल्या. तव्यावर पोळी करपायची आणि या लाटणं हातात धरून उभ्या. जिन्यात मात्र दम लागायचाच, आता तर दोनदा बसायच्या. पुन्हा गेलो. दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडली, पहिलं पान वाचलं आणि गोळी वाढवली. तिसऱ्यांदा मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, "घरी काही टेन्शन?"

"तुमच्या बाहेरच्या रांगेचं हाय," सगुणाबाई म्हणाल्या.

ते हसले नाहीत. हे उत्तरही फाईलमध्ये लिहिलं गेलं. तीन डॉक्टर झाले आणि एकानेही बाईच्या छातीला नळी लावली नाही. तिन्ही वेळा बाहेर पडताना फोनवर मेसेज आला, आमच्या सेवेला पाच तारे द्या. असा संताप झाला की फोन रस्त्यावर भिरकावून द्यावा. घरी येऊन मी ज्याला त्याला या दवाखान्याच्या कथा सांगत सुटले. सांगताना बरं वाटायचं.

जुलैत सगुणाबाईच म्हणाल्या, "ताई, आता सरकारी दवाखान्यात जाऊ. पण ती फाईल घरी राहू द्या. फाईल दिसली का डॉक्टर मानसाकडं बघत नाय."

गेलो. केसपेपरच्या रांगेत धक्के, औषधांच्या खिडकीवर आरडाओरडा, कोपऱ्यात कुणीतरी ओकलेलं तसंच पडलेलं. नाकाला पदर लावून मी दोन तास उभी. आत पन्नाशीच्या डॉक्टरबाई, टेबलाभोवती माणसंच माणसं. कागद कोरा होता, त्यामुळे त्यांना मान वर करावीच लागली. "काय होतंय, मावशी?"

मी तोंड उघडलं. सगुणाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता.

"ताई, तुमी नका बोलू."

मग त्याच बोलल्या. सहा घरांत पोळ्या करते, पण आता जीव घाबरा होतो. जिना चढला की छातीवर पाटा ठेवल्यागत होतं, डावा हात कोपरापर्यंत भरून येतो, बसलं की उतरतं. मार्चमधल्या त्या दिवशी तर जबडासुद्धा दुखत होता. यातला एक शब्दही मला माहीत नव्हता. चौदा वर्षं ओळखते मी यांना.

डॉक्टरबाईंनी पुढचं ऐकायच्या आधीच नळी कानाला लावली, मग ईसीजी काढायला पाठवलं. पट्टी त्यांनी उजेडाकडे धरून दोनदा पाहिली.

"हृदयाला झटका येऊन गेलाय, मावशी. आजचा नाही, जुना आहे. बराच भाग कमकुवत झालाय. आता जिने नाहीत, सहा घरांच्या पोळ्या तर नाहीतच." त्यांचा आवाज चढला. "चार महिने काय करत होतात? आधी कुणाला दाखवलं नाही?"

सगुणाबाईंनी पदर सारखा केला.

"दाखवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "सांगाया नव्हतं मिळालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दवाखान्याची जेवढी किळस मला चार महिने येत होती, तेवढी त्या क्षणी माझ्याच तोंडाची आली.